मालनआक्कांची पडताळणी

मी नोकरीवर रुजू व्हायला गेले त्या दिवशी मालनआक्कांनी माझं आधारकार्ड हातात घेतलं, खिडकीशी नेलं, एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही तूच न्हवं?"

मी म्हणाले, "मीच."

"तू म्हणणारच गं," असं म्हणून त्यांनी कार्ड आपल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. ते मला तिसऱ्या दिवशी परत मिळालं. मधल्या काळात त्यांनी उचगावात कुणालातरी फोन करून अशी मुलगी खरोखरच आहे का, तिचे वडील शेती करतात का आणि ती निपाणीला कॉलेजात क्लार्क म्हणून गेली आहे का, हे सगळं विचारून घेतलं होतं. माझ्या घरच्यांना वाटलं, स्थळ आलंय.

तेव्हापासून त्या मला नावाने न बोलावता "ए उचगाव" अशीच हाक मारत. नाव खोटं असू शकतं, गावाची खात्री झालेली होती.

मालनआक्का आमच्या कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळत. उंच, हडकुळ्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. लग्न केलेलं नव्हतं. त्याचं कारण विचारायची कुणाची छाती नव्हती, पण मुलाकडच्यांनी दिलेली माहिती पडताळून पुरी झाली नसावी असं शिपाई हळूच म्हणायचा. डिंकाच्या बाटलीवर त्या पेन्सिलीने रेघ मारून ठेवत, म्हणजे सुट्टीच्या दिवशी कुणी डिंक वापरला तर कळावं. भिंतीवरचं घड्याळ जेवणाच्या सुट्टीकडे जरा जोरात पळतं आणि सुट्टी संपताना दमतं, अशी त्यांची तक्रार होती. "ह्ये घड्याळ शिपायाच्या बाजूचं हाय," असं त्या प्रिन्सिपॉलसरांना तोंडावर सांगत.

संशय फारच वाढला की त्या मराठी सोडून कानडीत जायच्या. "हौदा?" एवढा एकच शब्द. म्हणजे "व्हय का?" पण आक्कांच्या तोंडचा "हौदा?" ऐकला की खरं बोलणाऱ्यालाही आपण काहीतरी लपवतोय असं वाटू लागे. मी स्वतः एकदा रजेच्या अर्जात ताप लिहिला होता, खरोखरचा ताप, तरी तो शब्द ऐकून मी डॉक्टरची चिठ्ठी आणायला गेले.

त्यांचं काम मात्र तसं होतं, हे मान्य करायला हवं. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुलांना शिकण्यासाठी सरकारकडून दरवर्षी मदत मिळते. आईकडे किंवा वडिलांकडे विडी कामगाराचं ओळखपत्र पाहिजे, नाडकचेरीतला, म्हणजे महसूल कचेरीतला, उत्पन्नाचा दाखला पाहिजे, मुलगा नियमित कॉलेजात येत असला पाहिजे आणि त्याने दुसरीकडून कुठलंही विद्यावेतन घेतलेलं चालत नाही. अर्ज मोबाइलवरून भरतात, पण हा मुलगा खरंच पात्र आहे की नाही हे आधी कॉलेजने बटण दाबून कळवायचं असतं. आणि ते बटण दाबणारं बोट आक्कांचं होतं.

अर्ज घेऊन आलेल्या पोराला त्या समोर बसवत, कागद पालथे ठेवत आणि म्हणत, "आता खरं सांग. फॉर्मातलं नको."

पोरं घाबरायची. काही रडायची. मला आक्कांचा राग यायचा. ज्यांच्या आया दिवसभर मान खाली घालून विड्या वळतात त्या पोरांना हिने आणखी छळावं, हे मला पटत नव्हतं. पण त्यांचा संशय कधी कधी बरोबर बसायचा, आणि त्याचं मला जास्तच वाईट वाटायचं.

मच्छे गावात पकडलेल्या पोराचं घ्या. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, हजेरीपटावर नाव चोख, अर्ज चोख. आक्कांनी त्याला एका दुपारी फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. "कुठं हाईस रं?" त्या म्हणाल्या. "लायब्ररीत हाय, आक्का," तो म्हणाला. मागे कशाचातरी घर्रर्र आवाज चालला होता. "लायब्ररीत पुस्तकं कापत्यात काय रं?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला, त्याच्या मित्रांकडून ठावठिकाणा काढला आणि पुढच्या आठवड्यात रजा टाकून सरळ बेळगावची एसटी धरली. तिथून मच्छे. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या फाटकासमोर पाळी सुटेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. तो मुलगा डबा हलवत बाहेर आला, तेव्हा आक्का म्हणाल्या, "सुटली का लायब्ररी?"

तो शिकाऊ म्हणून कारखान्यात लागला होता. तिथलं विद्यावेतन घेत होता, आणि इथे मित्राकडून हजेरी लावून शिष्यवृत्तीही मागत होता. आक्कांनी त्याची तक्रार वर केली नाही. त्याच फाटकावर त्याच्याकडून अर्ज मागे घेतल्याचं लिहून घेतलं, आणि परत आल्यावर प्रिन्सिपॉलसरांशी भांडून त्याला नोकरी करत बाहेरून परीक्षेला बसायची सोय करून दिली. ही दुसरी गोष्ट त्यांनी मला सांगितली नाही. ती मला त्या मुलाकडून कळली, तेव्हा मलाच आक्कांचा संशय आला की ह्या बाईचा आत काही वेगळाच हिशेब आहे.

शिवाय आक्कांचं एक काम बंद दाराआड चालायचं. विडीच्या अर्जांचे दिवस आले की त्या रेकॉर्डरूममध्ये बसत, एकेकाला आत घेत आणि दार लोटून घेत. पाच मिनिटांनी पोरगं बाहेर यायचं. आत जाताना आक्कांच्या काखेत एक कापडी पिशवी असे आणि ती त्या कुणाच्या हाती देत नसत. मी ठरवूनच टाकलं की आक्का पोरांकडून काहीतरी उकळतात. एक दिवस फाईल न्यायचं निमित्त करून मी दार ढकललं.

टेबलावर टेंभुर्णीचं एक वाळलेलं पान होतं. शेजारी कात्री आणि पान कापायच्या मापाचा पत्र्याचा तुकडा. समोर एक मुलगा गोंधळून बसला होता. तो आक्कांना म्हणाला, "आक्का, ह्ये कसं कापायचं? भिजवलेलंच न्हाय."

"जा," आक्का म्हणाल्या. "झालं तुझं."

तो गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि मला खडसावलं, "बघितलंस न्हवं? आता तोंड बंद ठेव."

परीक्षा अशी होती. विडीचं पान वाळकं असताना कापत नाहीत. ते रात्री पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, तेव्हा कुठे ते कात्रीने नीट कापलं जातं. विडीच्या घरातलं पाच वर्षांचं पोरगंही वाळकं पान बघून पाणी मागतं. ज्याच्या घरी कधी विडी वळली नाही, तो मात्र कात्री उचलतो. ओळखपत्र आणणं अवघड नव्हतं. विडीचा माल वाटणाऱ्या एखाद्या ठेकेदाराशी ओळख असली की त्याच्या कामगारांच्या पुस्तकात नाव चढायचं. पण पान भिजवायचं असतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

आक्कांना ते माहीत होतं, कारण त्या तशाच घरातल्या. "सहा वर्षांची हुतो तवा आईनं हातात कात्री दिली," एवढंच एकदा बोलल्या होत्या. आमच्या भागात बायकाही "मी हुतो, मी गेलतो" असंच बोलतात, आणि आक्कांच्या तोंडी ते जास्तच शोभायचं.

त्याच वर्षी एका ठेकेदाराचा पुतण्या आला होता. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर चकचकीत घड्याळ, आणि आईच्या नावाचं विडी कामगाराचं ओळखपत्र. त्याने कात्री उचलली, पत्रा पानावर ठेवला आणि मोठ्या झोकात कापायला लागला. पानाचे चार तुकडे झाले. "पान खराब हाय," तो म्हणाला. "हौदा?" आक्का म्हणाल्या. संध्याकाळी त्याचा काका गाडी घेऊन कॉलेजात आला, प्रिन्सिपॉलसरांच्या केबिनमध्ये बराच वेळ बसला, आणि जाताना आक्कांकडे अशा नजरेने बघून गेला की मला दोन दिवस त्यांच्यासोबत बसस्टँडपर्यंत चालत जावंसं वाटलं. आक्कांनी मला येऊ दिलं नाही. माझ्यासोबत चालायला तुला कुणी सांगितलं, हे आधी सांग, म्हणाल्या.

त्यामुळे माझाही हळूहळू त्या पानावर विश्वास बसला. कागद फसवतात, पान फसवत नाही असं मीसुद्धा म्हणू लागले होते.

आणि मग सोनाली आली.

सोनाली बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होती. अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. वडील नव्हते. आई शेवंता विड्या वळायची, असं अर्जात होतं. अर्ज भरायला अजून तीन दिवस उरले होते. आक्का तिला घेऊन आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. त्यांच्या हातात तुकडे झालेलं पान होतं.

"कापत सुटली," त्या मला म्हणाल्या. "तोंड बघून वाटत न्हाय गं, पर कापत सुटली."

"आक्का, एकदा घरी चौकशी करूया का?"

"कशाला? आई विडीवाली आणि पोरीला पान ठावं न्हाय? असं घर निपाणीत न्हाय." आणि माझ्यासमोर त्यांनी संगणकावर सोनालीच्या नावापुढे अपात्र असं नोंदवून बटण दाबलं. मी अडवलं नाही. मला वाटलं, आक्कांचं चुकत नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी ऑफिस उघडतानाच शेवंता दारात उभी होती. सोबत सोनाली, रडून डोळे सुजलेली. शेवंता आत आली, कुणाला विचारलं नाही, सरळ आक्कांच्या टेबलापाशी गेली आणि दोन्ही हात पालथे करून टेबलावर ठेवले. उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं कातडं पिवळं, जाड झालेलं. विडीचं तोंड मोडून मोडून नखाला खाच पडली होती.

"ह्ये बघा," ती म्हणाली. "ह्ये बी खोटं हाय का?"

आक्का हात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात तुझा खरा हाय. पर पोरगी तुझी हाय कशावरनं? पान भिजवायचं आसतंय ह्ये तिला ठावं न्हाय."

"ठावं नसणारच," शेवंता म्हणाली. तिचा आवाज चढला. "मी ठावं हू दिलं न्हाय. ती चार वर्षांची असल्यापास्नं मी घरात पान आणलं न्हाय, तंबाखू आणली न्हाय. शेजारणीच्या सोप्यात बसून वळतो मी. तुम्ही बी वळलासा न्हवं ल्हानपणी? मग तुम्हास्नी ठावं हाय, एकदा पोरीच्या हातात कात्री दिली की ती सुटत न्हाय. म्हणून मी दिलीच न्हाय. आन् त्याच्यापायी तुम्ही तिला खोटी ठरवलासा."

 शेवंता पुढे हळू आवाजात म्हणाली, "ह्या पैशावर तिचं कॉलेज हाय, आक्का. न्हाय मिळालं तर सोमवारपास्नं ती माझ्याशेजारी वळायला बसणार. दुसरं माझ्याकडं काय न्हाय."

कुणीही दुसरं असतं तर इथे विरघळलं असतं. आक्का उठल्या, पिशवी काखेत मारली आणि म्हणाल्या, "चल. घर दाव. ए उचगाव, तू बी चल. साक्षीला."

मला लाज वाटली. एवढं ऐकून घेतल्यावरही ह्या बाईला पुरावा हवाच होता. पण मी गेले.

दोन खोल्यांचं घर. आक्कांनी चुलीशी पाहिलं, कॉटखाली वाकून पाहिलं, दारामागे पाहिलं. फळीवरचा डबा उघडला, त्यात तूरडाळ होती. गोधडी उचलून नाकाला लावली. विडीच्या घरात तंबाखूचा वास गोधडीत, पाण्यात, भाकरीत असतो, तो जात नाही. ह्या घरात तो नव्हता. मागच्या अंगणात दोरीवर एक जुनं लुगडं होतं, तंबाखूने तपकिरी झालेलं, घरापासून शक्य तेवढं लांब वाळत घातलेलं. न्हाणी बाहेरच होती. शेवंता कामावरून आली की आधी तिथे अंघोळ करायची, लुगडं बदलायची आणि मगच उंबरा ओलांडायची. हे तिने सांगितलं नाही. शेजारीण आपल्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, विड्या वळत बसली होती, आक्कांनी तिला विचारलं आणि तिने सांगितलं. "रोजचं सोवळं हाय हिचं," असं म्हणून ती हसली.

आक्का तिथेच, न्हाणीच्या दगडावर बसल्या.  मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असली बी आई असती, ह्ये मला ठावंच न्हवतं."

मला तेव्हा त्यांची इतकी दया आली की काय करावं कळेना. त्यांनी सगळं तपासलं होतं आयुष्यभर, फक्त हे एक त्यांच्या कल्पनेत बसलेलं नव्हतं. कारण त्यांच्या वाट्याला जी आई आली तिने कात्री दिली होती, आणि तिचाही दोष नव्हता.

पण दया करत बसायला वेळ नव्हता. कॉलेजने एकदा अपात्र ठरवलेला अर्ज कॉलेजला परत उघडता येत नाही. शिष्यवृत्तीच्या बेळगावच्या ऑफिसातून तो उघडून घ्यावा लागतो, तोही प्रिन्सिपॉलच्या सहीच्या पत्रावर, आणि संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. आम्ही सही घेतली आणि अकराच्या एसटीत बसलो, आक्का, सोनाली आणि मी.  तिकीट काढताना आक्कांनी सोनालीला खिडकीची जागा दिली.

बेळगावच्या ऑफिसातला माणूस भला होता. त्याने पत्र वाचलं आणि कानडीत म्हणाला, "कारणात सर्व्हरची अडचण लिहा. तांत्रिक चूक म्हटलं की कुणी विचारत नाही. लगेच उघडून देतो." प्रिन्सिपॉलसरांनीही निघताना तेच सुचवलं होतं.

"सर्व्हरनं काय केलंय?" आक्का म्हणाल्या. "केलंय मी."

त्याने आणि मी दोघांनी समजावलं. खरं लिहिलं तर चौकशी लागेल, अशी परीक्षा घ्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला असं विचारतील. आक्कांनी कोरा कागद मागून घेतला आणि कानडीत, सावकाश, एकेक अक्षर कोरून लिहिलं. विद्यार्थिनी पात्र आहे. मी तिच्यापुढे पान ठेवलं आणि त्यावरून तिला खोटी ठरवलं. तसं करायचा मला अधिकार नव्हता. चूक माझी आहे. खाली सही, तारीख, आणि पूर्ण नाव.

साडेचारला सोनालीचा अर्ज उघडला आणि पात्र म्हणून पुढे गेला. जिन्यात तिने आक्कांच्या पायाला हात लावला. आक्का मागे सरकल्या. "माझ्या न्हवं," म्हणाल्या, "घरी जाऊन आईच्या लाग."

मेमो पुढच्याच महिन्यात आला. आक्कांचं शिष्यवृत्तीचं टेबल काढून घेतलं आणि त्यांना आवक-जावकच्या वहीवर बसवलं. ठेकेदार मंडळींनी पेढे वाटले असं ऐकलं, खरं खोटं माहीत नाही. टेबल माझ्याकडे आलं. किल्ली देताना आक्कांनी मला पान, पत्रा, कात्री काहीच दिलं नाही. "तू आपली कागदं बघ," एवढंच म्हणाल्या. दीड वर्षाने त्या निवृत्त झाल्या.

मी कागद बघत राहिले. फार बारकाईने बघत राहिले. एव्हाना पोरं मलाही घाबरायला लागली होती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं होतं.

गेल्या वर्षी अर्जांच्या गर्दीत आक्का रांगेत उभ्या दिसल्या. निवृत्तीनंतर त्या आपल्या गल्लीतल्या विडीवाल्या बायकांची कागदपत्रं करून देतात हे माझ्या कानावर आलं होतं. सोबत सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी होती. मी पुढे बोलावलं तरी त्या आल्या नाहीत, नंबर लागेपर्यंत थांबल्या. फाईल नीट लावलेली होती. फक्त आईच्या ओळखपत्राची झेरॉक्स होती, मूळ कार्ड नव्हतं.

"मूळ कार्ड?" मी विचारलं.

"हिची आई माहेरी गेल्या कार्ड घेऊन. उद्या येणार. तू आज पुढं घाल, पोरीला परीक्षा हाय, पुन्हा पुन्हा यायला जमत न्हाय." मग त्या म्हणाल्या, "मी बघतो न्हवं रोज हिच्या आईला वळताना. मी सांगतोय."

आक्कांनी कुणाला "मी सांगतोय" असं म्हटलेलं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. त्यांनी टेबलावर हात ठेवला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मागे रांग होती. झेरॉक्स जरा पुसट होती.

"आक्का, मूळ कार्ड आणा," मी म्हणाले.

त्या चिडल्या नाहीत. फाईल उचलली, कागद सारखे केले, मुलीला म्हणाल्या, "चल गं," आणि रांगेतल्या पोरांना वाट देत देत बाहेर पडल्या. कार्ड दुसऱ्या दिवशी ती मुलगी एकटीच घेऊन आली. ते अगदी बरोबर होतं. आक्का त्यानंतर आमच्या ऑफिसात आल्या नाहीत.